उस्मानचा तर्जुमा

मस्कतच्या एका फुटबॉल क्लबात उरुग्वेचा रामिरो स्ट्रायकर होता, तर दाभोळचा उस्मान मालिशवाला. एका सामन्याआधी क्लबच्या अध्यक्षाच्या हुकमावरून उस्मानने रामिरोच्या दुखऱ्या गुडघ्यात वेदना मारणारं इंजेक्शन दिलं आणि त्या सामन्यात गुडघा कायमचा गेला. अध्यक्षाने खापर उस्मानवर फोडलं. कुठल्याच क्लबने त्याला दारात उभं केलं नाही. पुढे २०१७मध्ये ओमानमधल्याच खाबुऱ्याच्या क्लबात प्रशिक्षक झालेल्या रामिरोने उस्मानला शोधून सोबत घेतलं. मोसमाच्या शेवटी दोघांनी जुन्या क्लबला हरवून खालच्या श्रेणीत ढकललं. अध्यक्ष हात पुढे करून आला आणि अरबीत माफी मागू लागला. रामिरोला अरबी येत नव्हती; हिंदी मात्र तो मालिशीच्या टेबलावर उस्मानकडूनच शिकला होता. उस्मानने हिंदीत समजावलं. “बोलो, मैंने माफ किया,” रामिरो म्हणाला. उस्मानने अध्यक्षाला अरबीत सांगितलं, “तो म्हणतो, मरेपर्यंत माफी नाही.” अध्यक्ष मान खाली घालून गेला. “हाथ नहीं मिलाया?” रामिरोने विचारलं. “शरमा गया,” उस्मान म्हणाला.