सत्काराची शाल

अधीक्षकांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि माइकवर सांगितलं, "अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली, तर पाठीच्या जखमा निम्म्यावर येतात, हे आमच्या सिस्टरनी आपल्याच वॉर्डात संशोधन करून सिद्ध केलं!"

टाळ्या वाजवायला माझ्या वॉर्डातल्या झाडून सगळ्या सिस्टर आणून बसवल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या तर पाहुण्यांना काय वाटलं असतं!

मी घड्याळ पाहिलं. लकवा झालेल्या अनुसयाकाकूंची कूस बदलायची वेळ कधीच टळून गेली होती.

"सर, वॉर्डात जाऊन येते. काकूंना वळवायचंय."

"आत्ता?" माइकवर हात ठेवून ते खेकसले. "पाहुणे तुमच्या संशोधनावरच बोलणार आहेत. पेशंट काय पळून जातोय?"

खरंच. पळता आलं असतं तर काकू आमच्या दवाखान्यात थांबल्या असत्या कशाला?

मी उठलेच. काकूंची पाठ लालभडक झाली होती. त्यांना कुशीवर वळवलं आणि टेकू द्यायला उशी शोधू लागले, तर वॉर्डातल्या चांगल्या उशा नवे अभ्रे घालून स्टेजवरच्या सोफ्यावर नेलेल्या. त्यातल्याच एकीला टेकून मी मघाशी बसले होते.

हॉलमधून पुन्हा कडकडाट ऐकू आला.

"कशाच्या गं टाळ्या?" काकूंनी विचारलं.

मी अंगावरची शाल काढली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि त्यांच्या पाठीशी लावली.

"तुमची पाठ आम्ही किती छान सांभाळतो ना काकू, त्याच्या."