तळाशी उरलेलं

आई गेल्यावर वॉर्डात राहिलेली तिची शाल न्यायला महेश्वरी आली, तेव्हा आईच्या खाटेवर दुसऱ्या बाई होत्या. माढ्याच्या. पोटाचं ऑपरेशन झालेल्या. उशाशी त्यांची सून बसली होती.

ड्रेसिंगच्या गाडीपाशी भुवनेश्वरी सिस्टर निळ्या बाटलीत कॅनमधलं जंतुनाशक ओतत होत्या. बाटलीच्या तळाशी जुनं होतं, त्यावरच.

"आधी धुवायची नाही का बाटली?" महेश्वरीनं विचारलं.

"रिकामी होऊ देतो कुटं आपण?" सिस्टर हसल्या. "तांदळाच्या डब्यालाबी तळ लागू देऊ नये म्हणतात, ताई. मी आल्यापासनं हिला कधी तळ लागू दिला न्हाय की."

महेश्वरी बाटलीकडे बघत राहिली. आईच्या पोटावरची जखम रोज यातल्याच औषधानं पुसली जायची आणि रोज थोडी अधिक चिघळायची. तपासणीत सापडलेल्या जंतूवर एकही औषध चाललं नाही. "फार चिवट निघाला. नशीब," असं डॉक्टर अभिमन्यू तेव्हा म्हणाले होते.

तेच आता राउंडला आत येत होते.

"डॉक्टर, ही बाटली तपासायला पाठवा."

"ताई, तुमच्यावर काय गुदरलंय ते ठाऊक आहे मला. पण हे जंतुनाशक आहे. यात जंतू जगतील कसे?"

"जे मरत नाहीत, ते जगतात. आणि त्यांच्यावर तुम्ही रोज नवं ओतता." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या घरी दही लावतात ना? जुनं थोडं राखून ठेवायचं, त्यावर नवं दूध. तुम्ही इथं विरजण राखलंय. लावलंत माझ्या आईच्या पोटात."

डॉक्टरांनी खाटांवरून नजर फिरवली. "हळू बोला. पेशंट घाबरतात."

"पाठवताय तपासायला?"

"काही गरज नाही. सिस्टर, ड्रेसिंग उरका."

सिस्टरनी त्याच बाटलीतलं औषध कापसावर ओतलं. माढ्याची सून उठली. तिनं सासूच्या पोटावर चादर ओढली आणि तिची कड दोन्ही मुठींत धरून उभी राहिली.

"अहो बाई, सोडा. जखम सडेल त्यांची," डॉक्टर म्हणाले.

"कशानं सडती, ते आत्ताच ऐकलं की मी."