आग थांबली

शुगर वाढल्यापासून शिंप्याचे तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. चपलेचा स्पर्शही सोसवत नसे, म्हणून तो दिवसभर अनवाणीच मशीनचं पायडल मारायचा.

"दुखतंय म्हणजे नस अजून जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले होते.

"मग मरू दे की एकदाची," घरी येऊन तो बायकोवर करवादला होता.

आज दुकान आवरताना मात्र स्वारी खुशीत होती. "अगं, सकाळपासून अजिबात आग नाही. डावा पाय तर आपला नाहीच, असं वाटतंय."

"लागू पडलं बाई औषध," म्हणत तिने पदराने डोळे टिपले. मग रोजच्यासारखी, खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ती लोहचुंबक घेऊन मशीनखाली वाकली.

"दुपारी एक मोठी टाचणी पडलीय हातातून," तो खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला. "तिथेच असेल बघ कुठेतरी."

 

लोहचुंबक टक्कन त्याच्या डाव्या टाचेला चिकटलं. तो मात्र वरून विचारतच राहिला, "सापडली का गं?"