राजाची सकाळ

स्टेजवर राजा झोपला होता, आणि पडदा उघडल्यापासून मंडपात कोणी खोकलंही नव्हतं.

राजा म्हणजे नववीतली समता. कोळशाची मिशी, पुठ्ठ्याचा मुकुट, अंगावर शेजारच्या शालूबाईंकडून मागून आणलेली मखमली चादर. नाटुकलं लिहिलं तिच्या आईनं, धम्मशीलाबाईंनी. शाळेत इतिहास त्याच शिकवायच्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सात एक राजा होता, त्याचं नुसतं झोपेतून उठणंही दरबार भरवून व्हायचं, असं त्यांनी पुस्तकात वाचलं आणि गॅदरिंगसाठी पोरांकडून बसवून घेतलं. पोरांना गंमत वाटली. बाईंनाही वाटली.

राजा उठला. एक सरदार मेणबत्ती धरून उभा राहिला. दुसऱ्यानं चूळ भरायला पाणी पुढं केलं. तिसरा दोन्ही हातांवर सदरा घेऊन वाकला. राजा कोणाशी बोलेना. ज्याच्याकडं बघून हसला तो तरला. ज्याच्याकडं बघितलंच नाही, तो मान खाली घालून स्टेजवरून चालता झाला.

मास्तरांच्या रांगेत एकाच्याही तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

हेडमास्तर इंद्रभान सर पडद्यामागं आले. महिना जानेवारीचा, आणि कपाळ घामानं ओलं.

"बाई, हे तुमाले कोनं सांगितलं?"

"काय, सर?"

"अण्णासाहेबाच्या बंगल्यावरचं. सकाळचं."

बाईंना काही कळेना. मग सरांनी दबक्या आवाजात सांगितलं. शाळेतले सगळे पुरुष मास्तर रोज सकाळी सहाला संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या ओट्यावर उभे राहतात. चुळीचा तांब्या सरांकडं. टॉवेल गणिताच्या मास्तरांकडं. चपला सरळ करून ठेवायचं काम पीटीवाल्यांकडं. घरी बायकोनं तांब्या उचलायला सांगितला तर यांची कंबर धरते, पण तिथं एक दिवस खाडा नाही. मागच्या साली रामराव सर तीन दिवस गेले नाहीत. चौथ्या दिवशी हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. बायांना तिकडं बोलावत नसत, म्हणून बायांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मी तं फ्रान्सचं लिव्हलं, सर."

"फ्रान्स कोनं पाह्यलं, बाई? बंगला समद्यायनं पाह्यला."

धम्मशीलाबाईंनी पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेकडं बघितलं. सहा वर्षं त्या शाळेत कच्च्या होत्या. कायम करण्याचा त्यांचा कागद याच आठवड्यात अण्णासाहेबांपुढं गेला होता. एका सहीचं काम राहिलं होतं.

"बंद करू का नाटक?"

"आता बंद केलं म्हंजे तुमाले समजत व्हतं असं व्हते. चालू द्या."

नाटक संपलं. राजानं सदरा घातला, पडदा पडला. टाळी नाही. चारशे माणसं अण्णासाहेबांच्या पाठीकडं बघत बसली. पहिल्या रांगेत, एकट्याच्या सोफ्यावर, मांडीवर नातू घेऊन ते बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. मग सगळा मंडप वाजला.

त्यांनी बोट हलवलं. बाई पुढं गेल्या. मागोमाग मुकुटासकट समता.

"बाई, हा राजा कोनता म्हनले?"

"फ्रान्सचा, अण्णासाहेब."

"लोकं रोज जायचे त्याच्याकडं?"

"हो. मोठमोठे सरदार. सदरा द्यायले भांडायचे आपसात."

"अस्सं." त्यांनी मागं वळून मास्तरांच्या रांगेकडं बघितलं. एक एक तोंड बघितलं. "मंग त्याचं पुढं काय झालं?"

पुस्तकाचं शेवटचं पान बाईंच्या डोळ्यांपुढं आलं. राजा मेल्यावर ऐंशी वर्षंही झाली नव्हती, आणि त्याच घराण्यातल्या राजाचं मुंडकं लोकांनी भर चौकात उडवलं. वर्गात त्यांनी हे खणखणीत आवाजात शिकवलं होतं. समतानंच तेव्हा दोनदा विचारलं होतं, खरंच का म्हणून.

"म्हातारा होऊन वारला, अण्णासाहेब. पलंगावरच."

"पन आई, पुढं त्याच्या खानदानातल्या," समतानं तोंड उघडलं.

आईचा हात तिच्या खांद्यावर पडला. बोटं रुतली.

"काय म्हनते पोरगी?"

मंडपात एक खुर्ची करकरली आणि लगेच थांबली.

"पुढं त्याचा पणतू गादीवर बसला, असं म्हनते."

अण्णासाहेब हसले. मांडीवरच्या नातवाच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला. "बसनारच. चांगलं बसवलं, बाई. उद्या सकाळी सहाले या बंगल्यावर, सही घेऊन जा." ते उठले, दोन पावलं गेले, थांबले. "ते मेनबत्तीचं आपल्याकडं नव्हतं आतापर्यंत."

गाडी गेल्यावरही कोणी हललं नाही. समता खांदा चोळत म्हणाली, "आई, तू खरं काऊन नाई सांगितलं?" बाई पदराचं टोक ओलं करून तिची मिशी पुसत राहिल्या. कोळसा निघायच्या ऐवजी गालभर पसरला.

इंद्रभान सर स्टेजवर चढले. मेणबत्तीचा तुकडा उचलून मैदानात आले. काडी ओढली. भर दुपारचं ऊन, वारा सुटलेला. एक हात आडोशाला धरून, मान थोडी वाकवून ते उभे राहिले, जसं पोरगं स्टेजवर उभं होतं तसं. उन्हात ज्योत दिसत नव्हती. पेटली की नाही ते बघायला त्यांनी बोट पुढं नेलं.