खंडेनवमी

"नव्या कॉम्प्युटरला पाचशे जीबीची एसएसडी पुरेल का हो?" मी विचारलं.

"जुन्या हार्ड डिस्कमध्ये काय आहे?" दुकानदार म्हणाला.

"ह्यांचं गाणं. वीस वर्षांचं, घरीच रेकॉर्ड केलेलं. हे गेल्यावर तेवढंच उरलंय."

"मग एक टीबीचीच घ्या, वहिनी. जुनी डिस्क आणा, सगळं उतरवून देतो."

मी घरी धावले. टेबलावर डिस्क नव्हती.

देवघरात सासूबाईंनी खंडेनवमीची पूजा मांडली होती. विळी, कात्री, अडकित्ता आणि मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, ती डिस्क. तिच्या फटींतून दूध ओघळत होतं.



"अगं, माझ्या लेकाचा आवाज आहे ना त्यात?" डिस्कवर कुंकू वाहत त्या म्हणाल्या. "म्हणून पंचामृताची पहिली आंघोळ त्यालाच घातली."