चाळीस हजार बघे

चाळीस हजार लोकांनी रील बघितली होती आणि वर्गासाठी एकही नाव आलं नव्हतं.

"चाळीस हजार, आजी!" शेजारच्या तनयाने मोबाइल पुढे धरला. "मतलब, आमच्या दागिनेवाल्यांनाही इतके मिळत नाहीत."

सुहासिनीबाईंनी चष्मा लावून कमेंट वाचल्या. नाशिक, लातूर, सांगली, एक तर थेट सिंगापूरहून. 'बाई, तुमच्यासारख्या शिक्षिका आता कुठे!' वाचायला गोड वाटत होतं. पण वर्ग भरायचा होता जयपूरला, मालवीय नगरात, मराठी मंडळाच्या खोलीत.

मंडळाचे चिटणीस विलासराव स्वच्छ बोलले होते. रविवारी अकरापर्यंत दहा विद्यार्थी खोलीत बसलेले दिसले तर मराठीचा वर्ग, नाहीतर खोली झुंबावाल्यांना. "नाइलाज आहे, बाई. त्यांचे चौतीस जण तयार आहेत."

आज गुरुवार होता. बाईंनी साताऱ्याला एकतीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं होतं. मुलाकडे जयपूरला येऊन दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत त्यांच्यासमोर एकाही मुलाने 'अ' गिरवला नव्हता. सकाळी दहा वाजले की त्यांचे हात अजून खडू शोधायचे.

"पूर्वी सोपं होतं," तनया सांगू लागली. "पेजवर फोटो टाकला की आपल्या लोकांना दिसायचा. आता कोणाला दाखवायचं ते ॲपच ठरवतं. तीन सेकंदांत माणूस थांबला नाही, तर गेला." ती एका जाहिरात कंपनीत दागिन्यांच्या आणि लहरिया साड्यांच्या दुकानांचं काम बघायची. बाईंचं काम मात्र हौसेचं. तिचे वडील बँकेतून बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले. तनयाचा जन्मही इथलाच.

"मग आपली रील कोणाला दाखवली?" बाईंनी विचारलं. पहिलीच्या मुलाला विचारावं तितक्या सावकाश.

"मी सेटिंग एकदम नीट केलंय. ज्यांचा फोन मराठीत आहे, फक्त तेच. पहले जयपूर टाकलं होतं, पण आकडा खूप छोटा येत होता. म्हणून शहर काढून टाकलं."

"आणि इथल्या मुलांच्या आईवडिलांचे फोन कोणत्या भाषेत असतात गं?"

"ते तर हिंदी, नाहीतर इंग्लिश…" तनया बोलता बोलता थांबली.

"म्हणजे ज्यांना मराठी येते, त्यांनाच आपण मराठी शिकायला बोलावतोय!"

बाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तनया आधी ओशाळली, मग तीही हसत सुटली.

दुसरी रील त्याच संध्याकाळी झाली. बाई खुर्चीत बसल्या आणि सरळ मोबाइलकडे बघून बोलल्या. "मेरी हिंदी कच्ची है, आप हँस लो. लेकिन गाँव से दादी का फोन आता है, तो आपका बच्चा क्या करता है? 'हाँ, ठीक हूँ' बोलके फोन आपके हाथ में देता है ना? उसको मेरे पास भेजो. पाँच मिनट और बात करेगा."

"परत करूया का, आजी? दोन ठिकाणी हिंदी चुकली."

"राहू दे. शिकवणारी बाईसुद्धा चुकते, हे मुलांना आधीच कळलेलं बरं."

या वेळी शहर जयपूर, भाषा हिंदी आणि इंग्रजी. शनिवारपर्यंत जेमतेम सहाशे जणांनी बघितली. तनयाला तो आकडा सांगायची लाज वाटत होती.

रविवारी साडेदहाला खोलीत चार मुलं होती. पावणेअकराला सात. मग खातीपुऱ्याहून एका स्कूटरवर बाप आणि मागे दोन जुळे भाऊ आले. बाई एकेकाला नाव विचारून लिहून घेत होत्या.

"मेरा… माझा नाव शुभंकर," त्यातला एक म्हणाला.

"शाब्बास! सुरुवात झाली की!"

अकरा वाजले. विलासरावांनी डोकी मोजली. नऊ. त्यांनी पुन्हा मोजली. झुंबाच्या बाई स्पीकर घेऊन दारात येऊन ठेपल्या होत्या.

"एक कमी आहे हो, बाई," विलासराव म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता.

तनया भिंतीला टेकून उभी होती. तिने चपला काढल्या आणि मुलांच्या रांगेत, अगदी शेवटी, मांडी घालून बसली.

"आजी, मी चालेन?" तिचे कान लाल झाले होते. "पहिल्या रीलवरची जाहिरात मी हिंदीत लिहिली होती. तिची मराठी फोनने करून दिली. मला तर वाचताना अर्धी समजलीच नाही. आणि माझा फोन पण हिंदीत आहे ना, ती मला कधी दिसलीच नाही."

जुळे भाऊ खिदळले. शुभंकरने सरकून तिला जागा करून दिली.

"वयाची अट कुठे लिहिलेली नाही," विलासराव घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी झुंबाच्या बाईंना हात जोडले. "लिहा, बाई, लिहा. दहावं नाव लिहा."

"दहा कधीच झालेत," असं म्हणत बाईंनी हजेरीची वही त्यांच्याकडे फिरवली.

मुलांची नावं दोनपासून दहापर्यंत होती. सगळ्यात वर, तनया फोनच्या मराठीतली ती पहिली जाहिरात घेऊन आली त्या दिवसाची तारीख घालून, बाईंनी वळणदार अक्षरात पहिलं नाव लिहून ठेवलं होतं: तनया.