ढग की राख

शहाण्णवच्या ऑक्टोबरात आइसलंडचा ज्वालामुखी पेटला, तेव्हा हे इथे विलायतेतल्या हवामान खात्यात राखेवर नजर ठेवायचे. राख इंजिनात गेली तर विमान आकाशातच बंद पडतं, म्हणून उपग्रहाच्या चित्रात ती दिसली की लगेच इशारा द्यायचा, असं यांचं काम. आमच्या लेकीचं, मीनलचं पहिलं बाळंतपण टोरांटोला होतं. मी डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसलेसुद्धा होते, पण यांच्या इशाऱ्यावरून आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं.

मी हॅरोला घरी परतले आणि संध्याकाळी जावयांचा फोन आला, मुलगी झाली. मागोमाग हे ड्यूटीवरून आले. कोटासकट जिन्याच्या पायरीवरच बसले.

"राखच होती ना?" मी विचारलं.

"नाही. पुढच्या चित्रात कळलं, साधा ढग होता."

"अहो, मग पुढच्या चित्रापर्यंत थांबायचं तरी! पोर तिकडे आईविना बाळंत झाली."

"इतके दिवस थांबतच होतो. शंका आली तरी अर्धा तास वाट बघायचो, उगाच कशाला विमानं अडवा म्हणून. आज त्यात तू होतीस. धीर झाला नाही."

मी चहा ठेवायला वळले.

"उद्या त्या विमानात दुसऱ्या कुणाची तरी बायको असेल," हे पाठीमागून म्हणाले. "आता कुठल्या तोंडाने वाट बघू, सांग."